अडकित्ता खिशात राहिल्याबद्दलचा लेखी खुलासा

शंकर नगर, रायपूर
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप मामाजी आणि मामीजी,

आपल्या चरणी जावई प्रतापचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. पुढचा मजकूर वाचून शंका आलीच, तर कृपया परत इथवर येऊन हे वाक्य पुन्हा वाचावं.) आपला उजवा गुडघा कसा आहे? मामीजींच्या डोळ्यांत थेंब टाकणं वेळेवर सुरू आहे ना? अंगणातल्या पपईला यंदा फळ धरलं का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी हकीकत आपल्याच घरी, मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली आहे, आणि तिनं आपल्याला काय काय सांगितलं असेल याचा मला पूर्ण अंदाज आहे.

फोन सोडून पत्र काहून, असं विचाराल. कारण पहिलं, मागचे सहा दिवस आपल्या घरचा फोन आपली लेकच उचलते आणि माझा आवाज ऐकला की "बाबा पूजेत आहेत" म्हणून ठेवून देते. दुपारी तीन वाजता कोणती पूजा असते मामाजी? कारण दुसरं, आपण छत्तीस वर्षं स्टेशन मास्तर होता, तोंडी सांगितलेलं आपण मानत नाही, हे मले लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं. (वऱ्हाडात माणसं किती येणार, हे आपण माझ्या वडिलांकडून सही घेऊन लिहून घेतलं होतं. वडील अजून ते विसरले नाहीत.) म्हणून हा लेखी खुलासा. आमच्या वरच्या मजल्यावरचे नरहरी भाऊ उद्या गोंदियाला जाऊन राहिले, त्यांच्या हाती देतो. सुरुवात शुद्ध भाषेत आणि 'आपण' म्हणून केली आहे, पण मले राग आला की ते जास्त वेळ टिकत नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता यामिनीची मुलाखत पुन्हा होणार आहे. तिच्या पुण्याच्या कंपनीत बारा जणांच्या गटाची प्रमुख व्हायची मुलाखत. पाच वर्षं ती या जागेची वाट पाहून राहिली, तुम्हाले माहीतच आहे. तर ती मुलाखत रायपूरहून, आमच्या घरातून, आमच्या खोलीतून, दार लावून झाली पाहिजे. गोंदियाहून नाही. मी ठरवलं म्हणजे ठरवलं. ज्या घरात तिची एक मुलाखत बिघडली, त्याच घरात दुसरी नीट करून दाखवतो, नाही तर नाव प्रताप ठेवणार नाही. तुम्ही तिले गुरुवारच्या आत गाडीत बसवून द्यावं, एवढीच मागणी आहे. आता खुलासा.

आमच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आहेत हे खरं, पण दार एकीलाच आहे. दुसरीला बिल्डरनं नकाशात स्टडी म्हटलं आणि प्रत्यक्षात पडदा लावायची दांडी देऊन मोकळा झाला. काम करणारे दोघं, दोघंही घरून, आणि दोघांचंही काम बोलण्याचं. मी हैदराबादच्या कंपनीसाठी ग्राहकांच्या तक्रारी ऐकून त्यांना शांत करतो. (दिवसभर अनोळखी लोकांचा राग शांत करणाऱ्या माणसाला घरातला एक राग शांत करता येत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून घेतो.) यामिनी शाळेच्या पोरांसाठी गणिताचे धडे रेकॉर्ड करते. पडद्याअलीकडे मी आणि पलीकडे ती, अशी पहिली साडेतीन वर्षं आम्ही काढली. परिणाम असा की तिच्या अपूर्णांकांच्या सातव्या धड्यात, छेद समान करण्याच्या ऐन पायरीवर, मागून माझा आवाज येतो, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तो धडा तसाच पुढे गेला. साताऱ्याकडच्या एका पोट्टीनं म्हणे विचारलं होतं की हे सर कोण, आणि हे माफी काहून मागून राहिले.

मग मागच्या दिवाळीत तुम्ही आले. दोन दिवस तुम्ही हॉलमधल्या खुर्चीवर बसून आमच्याकडे नुसतं पाहत होते. मी यामिनीला म्हटलंही, बाबा यंदा शांत आहेत. तिसऱ्या दिवशी चहा पिऊन तुम्ही निकाल दिला की ही एकेरी लाइन आहे, आणि एकेरी लाइनवर दोन गाड्या आमनेसामने सोडल्या तर हेच होणार. ज्या ड्रायव्हरच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाईल, दुसरी जागची हलणार नाही. असं म्हणून तुम्ही पान सोडल्यापासून नुसताच जवळ बाळगत होते तो पितळी अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. ज्याच्या हाती अडकित्ता, खोली त्याची. ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडे स्टेशन, म्हणजे दाराची बेल, दूध, गॅस, टाकीची मोटर आणि भांड्याला येणारी सरिता. अडकित्ता हातातूनच हातात द्यायचा, कुठं ठेवून द्यायचा नाही. आठ कलमं तुम्ही सांगितली, यामिनीनं लिहिली, आम्ही दोघांनी खाली सही केली आणि कागद फ्रिजवर लागला. लोक हसले. रुचिता वहिनी शेजारून खास तो कागद वाचायला आल्या. पण खोटं काहून बोलू, चार महिने घर शांत चाललं. (मी दोन-तीनदा अडकित्ता हाती नसताना चार्जर घ्यायला आत गेलो, तेवढं सोडून. बरं, सात-आठदा.)

आता त्या सोमवारचं. मुलाखत अकराला. सकाळी आठपासून अडकित्ता माझ्याकडे, दहा वाजता तो तिले द्यायचा, हे ठरलेलं. पावणेदहाला गुढ़ियारीच्या एका गोदामातून फोन आला की तुमचं पार्सल आलं आहे, आत्ता न्या, नाही तर गाडीसोबत परत जाते. ते पार्सल काय होतं हे तिनं तुम्हाले सांगितलं का? नसेल सांगितलं. ती खुर्ची होती मामाजी. तिच्याचसाठी, पाठीला आधाराची, मुलाखतीच्या दिवशी अचानक समोर ठेवायची म्हणून मी पंधरा दिवस लपवून ठेवलेली गोष्ट. मले वाटलं वीस मिनिटांत जातो आणि येतो. म्हणून "आलोच" एवढं ओरडून स्कूटर काढली. फोन खोलीतच चार्जिंगला राहिला आणि अडकित्ता माझ्या कुर्त्याच्या खिशात.

गुढ़ियारीत गल्लीच्या तोंडाशी तांदळाचा ट्रक खाली होऊन राहिला होता. एक एक पोतं उतरत होतं आणि मी उभा. ट्रकवाल्याला म्हटलं, भैया, थोडा साइड दे दो, तर तो म्हणाला, साइड होती तो मैं ही न ले लेता. त्याचंही बरोबरच होतं. मग गोदाम, मग सही, मग खुर्ची स्कूटरला बांधणं, मग पुलाखाली अडकलेली वाहनं. ऐन अकराच्या सुमारास मी पुलाखाली खुर्ची पाठीशी घेऊन उभा होतो, घामाघूम, आणि मनात म्हणत होतो की आता ती खोलीत बसली असेल, दार लावलं असेल, खुर्ची नाही मिळाली तर नाही, मुलाखत तर सुरू झाली. अडकित्त्याचा मले विसर पडला होता. देवाशपथ विसर पडला होता.

घरी काय झालं ते तुम्हाले माहीत आहे, तरी खुलाशात आलं पाहिजे म्हणून, सरिताकडून मले कळलं तसं लिहितो. खोली रिकामी होती. दार सताड उघडं होतं. आतून माझ्या फोनची रिंग ऐकू येत होती, कारण तीच बाहेरून मले फोन लावून राहिली होती. आणि ती आत गेली नाही. स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर बसली, लॅपटॉप ओट्यावर ठेवला, आणि सरिता भांडी घासत असताना पुण्याच्या तीन मोठ्या लोकांना तिनं मुलाखत दिली. टोकन नाही म्हणजे स्टेशन तिच्याकडे, म्हणून बेल वाजली की उठून दारही तिनंच उघडलं. चारदा. चौथ्यांदा परत आली तेव्हा त्यांच्या प्रमुख मायाताई म्हणून आहेत, त्यांनी विचारलं की ही वेळ सोयीची नाही का. दुसरं कुणी असतं तर नाही-नाही, ठीक आहे, म्हणालं असतं. तुमच्या लेकीनं सरळ सांगितलं की माझ्या घरात या वेळी मला खोली नाही, मला दुसरी तारीख द्या. त्यांनी दिली. माझ्यानं हे झालं नसतं, हे मी इथं लिहून देतो.

सव्वाबाराला मी खुर्ची घेऊन आत आलो तर ती बॅग भरून राहिली होती. तेव्हा मी एक वाक्य बोललो, ज्याचा मले पश्चात्ताप आहे. मी म्हटलं, खोली तर उघडीच होती, गेली काहून नाहीस? ती म्हणाली, "चार महिने हा नियम मी एकटीनं पाळला. आज मीच मोडला असता, तर उरलं काय?" दुपारच्या गाडीनं निघून गेली. खुर्ची हॉलमध्ये खोक्यातच उभी होती.

आता मले सांगा, यात दोष एकट्या माझा आहे काय? रेल्वेत टोकन हरवलं तर लेखी कागदावर गाडी सोडतात, हे मले तुम्हीच सांगितलं होतं, दिवाळीत, फराळ करता करता. मग आमच्या घरच्या आठ कलमांत ते कलम काहून नाही? ड्रायव्हर टोकन खिशात घालून गुढ़ियारीला निघून गेला तर मागच्यांनी काय करावं, हा विचार छत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसानं करायला नको होता? आणि लेकीला लहानपणापासून सिग्नल पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं शिकवलं कुणी? मी शिकवलं? रागावू नका, पण हे कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी बायका रुसून माहेरी जात, पण त्या रुसव्याला मुदत असे. माझी आई शाळेत शिकवायची. तिचा रुसवा कितीही मोठा असो, सुटी संपली की संपायचा, सोमवारी घंटेच्या आधी ती हजर. आता लॅपटॉप सोबत आहे आणि नेट तुमच्या घरी आमच्यापेक्षा चांगलं आहे, म्हणजे ती तिथं दहा वर्षं राहिली तरी तिची एक दिवसाची रजा खर्च होत नाही. घरून काम ही सोय कुणाच्या फायद्याची आहे हे मले आता कळून राहिलं.

तर मी शुक्रवारची सगळी तयारी केली आहे. दाराच्या बिजागरीत तेल घातलं. बेलची तार काढून ठेवणार आहे. दाराबाहेर हिंदीत पाटी लावणार आहे की अकरा ते साडेबारा कुणीही आवाज देऊ नये. खुर्ची जोडून झाली. (एक स्क्रू उरला. पण मी रोज अर्धा तास बसून पाहतो, अजून काही झालं नाही.) मी स्वतः त्या वेळी जिन्यात बसीन. ती येईल, बसेल, दार लावेल, आणि मुलाखत अशी होईल की पुण्याचे लोक पाहत राहतील. तेव्हा तिले पाठवावं. यात बदल होणार नाही.

आपला आज्ञाधारक (पण या एका बाबतीत ठाम),
प्रताप

ता. क. (सोमवार, दुपार) — नरहरी भाऊंचं जाणं बुधवारवर गेलं, म्हणून पत्र माझ्याकडेच आहे. रिकामा बसण्यापेक्षा म्हटलं आपण शुक्रवारची तालीम करून घ्यावी. ऑफिसातला मित्र संग्राम याला सांगितलं की तू मुलाखत घेणारा हो. खोलीत बसलो, दार लावलं, बेलची तार काढली, पाटी लावली. तालीम चाळीस मिनिटांची. सहाव्या मिनिटाला यामिनीचा मेसेज आला. सात दिवसांतला पहिला. मी इतका खूश झालो की संग्रामला थांबवलं. मेसेज असा: "सरिता बाहेर उभी आहे, दार उघडा." बेल वाजत नाही म्हणून सरितानं तिले गोंदियाला फोन केला होता. दहाव्या मिनिटाला दुसरा: "टाकी भरून वाहून राहिली, मोटर बंद करा." हे खालच्यांनी तिले कळवलं होतं. मग गॅसवाला. मग रुचिता वहिनी, विरजणासाठी. चाळीस मिनिटांत चार मेसेज, जवळपास पावणेदोनशे किलोमीटरवरून, आणि सगळे बरोबर. दार उघडलं तर सरिता विचारते, "दीदी नई हे का? कब आही?" म्हणजे दीदी नाही का, कधी येणार. मी म्हटलं, मी आहे ना, मले सांग. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच पाहुणा आहे.

नंतर मी यामिनीला फक्त एवढं विचारलं की असे फोन तुले रोज येतात का. तिनं उत्तर दिलं: "हो. चार वर्षांपासून." म्हणजे मामाजी, अडकित्ता हाती असताना, दार लावून ती आत बसली असतानासुद्धा घर तिच्याकडेच होतं. मी हॉलमध्ये स्टेशन सांभाळून राहिलो असं समजत होतो, आणि माझ्या स्टेशनचे सगळे फोन आत तिच्याकडे जात होते. ती एकदाही बोलली नाही. मले फार लाज वाटली. जेवण गेलं नाही.

म्हणून वरची मागणी मी परत घेतो. तिले पाठवू नका. शुक्रवारपर्यंत तर मुळीच नका. तिथं दार आहे, तुम्ही आहात, तिथं ती कुणाची वहिनी नाही, कुणाची दीदी नाही. वर जे ठरवलं होतं ते मी बदललं आहे आणि आता हे ठरवलं म्हणजे ठरवलं.

ता. क. दुसरा (मंगळवार, संध्याकाळ) — आज सकाळपासून मी घरोघर फिरून माझा नंबर दिला. सरिता, दूधवाला, गॅसवाला, खालचे, शेजारचे, मोटरवाला, इस्त्रीवाला. यामिनीचा नंबर पुढचे काही दिवस बंद आहे असं सगळ्यांना सांगितलं. सरितानं माझं नाव फोनमध्ये 'दीदी के घर वाले' असं टाकलं, टाकू द्या. दुपारपर्यंत एकोणीस फोन आले. दोन ग्राहकांची तक्रार ऐकता ऐकता मी त्यांना उद्या दूध किती टाकायचं ते सांगितलं. काम होईना म्हणून गुरुवार-शुक्रवारची रजा मागितली, तर आमचे साहेब अनंतराव म्हणाले, रजा कशाला पाहिजे, तुम्ही तर घरीच असता. मी म्हटलं, साहेब, म्हणूनच पाहिजे. शुक्रवारी माझ्या बायकोची मुलाखत आहे. ते म्हणाले, मुलाखत तिची आणि रजा तुमची? मी हो म्हटलं. लेखी दिलं. मंजूर झाली.

आता खरी विनंती. गुरुवारच्या गाडीनं मी गोंदियाला येतो म्हणतो. तिले न्यायला नाही. शुक्रवारी अकरा ते साडेबारा त्या मागच्या खोलीच्या दाराबाहेर बसायचं काम तुम्ही करणार असाल, ते मले द्यावं. कुणी आलं, कुणाचा फोन आला, मामीजींच्या थेंबांची वेळ झाली, सगळं मी पाहीन, आत आवाज जाऊ देणार नाही. पण आधी तिले विचारा. मी विचारलं असं सांगून विचारा, आणि ती जे म्हणेल तेच नरहरी भाऊंच्या हाती (ते बुधवारी रात्रीच परत येऊन राहिले) लिहून पाठवा, त्यात आपल्या मनाचं घालू नका. ती नको म्हणाली तर मी इथंच राहीन आणि रागावणार नाही. (रागावीन. पण शुक्रवारी साडेबारापर्यंत तिले फोन करणार नाही.)